शेवटच्या कटासाठी राखलेला धातू

धातूच्या कटाईत तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: धातू टूलच्या धारेवरून किती वेगाने सरकणार, प्रत्येक फेऱ्यामागे टूल किती पुढे जाणार आणि ते धातूत किती खोल उतरणार. पहिलीला कटिंग स्पीड, दुसरीला फीड आणि तिसरीला कटाची खोली म्हणतात. लेथवर, म्हणजे जिथे जॉब (कातायची वस्तू) स्वतः फिरतो आणि टूल त्याच्या कडेने सरकते त्या यंत्रावर, ही खोली त्रिज्येत मोजतात, त्यामुळे अर्धा मिलिमीटर खोल कट घेतला की व्यास एक मिलिमीटरने घटतो. वेगासाठी आणि फीडसाठी हस्तपुस्तिकांत तक्ते असतात आणि इन्सर्टच्या, म्हणजे टूलवर बसवायच्या कार्बाइडच्या बदलत्या धारेच्या, डबीवरही मर्यादा छापलेल्या असतात. परंतु शेवटच्या कटाच्या खोलीचा प्रश्न तक्त्यातल्या एका आकड्याने सुटत नाही, कारण तो आकडा धातूच्या जातीइतकाच यंत्राच्या ताठपणावर, जॉब चकच्या, म्हणजे त्याला धरणाऱ्या जबड्यांच्या, बाहेर किती आला आहे यावर, धारेच्या अवस्थेवर आणि आधीच्या कटाने मागे काय ठेवले आहे यावर अवलंबून असतो. शेवटचा कट किती खोल असेल हे खरे तर रफिंग, म्हणजे नको असलेला धातू भराभर उतरवण्याचे काम, कुठे थांबवले जाते त्याच क्षणी ठरून जाते.

विचार एका ठोस वस्तूला धरून व्हावा म्हणून मध्यम कर्बाच्या पोलादाचा एक शाफ्ट घेता येईल, ज्याच्या एका टोकाला ४० मिलिमीटर आतील व्यासाचे बॉल बेअरिंग बसायचे आहे. अशा बैठकीसाठी नकाशावर पुष्कळदा के६ ही खूण असते. तिचा अर्थ असा की तयार व्यास ४०.००२ मिलिमीटरहून कमी नसावा आणि ४०.०१८ मिलिमीटरहून अधिक नसावा. म्हणजे कारागिराला मिळालेली मोकळीक व्यासात १६ मायक्रॉनची आणि त्रिज्येत अवघी आठ मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले की त्या मोकळिकीचा आवाका कळतो. सळई ४५ मिलिमीटरची असेल, तर सुमारे पाच मिलिमीटर व्यास उतरवायचा आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा दोन कटांत सहज निघून जातो. पुढे जे उरते त्याची वाटणी कशी करायची, एवढाच प्रश्न राहतो, आणि लेथवरचे बरेचसे शहाणपण त्या वाटणीत खर्च होते.

नवशिक्याचे मन या ठिकाणी एका साध्या तर्काकडे धावते. माप जवळ आले आहे, चूक झाली तर धातू परत जोडता येणार नाही, तेव्हा आता अगदी थोडे थोडे घ्यावे, पाच मायक्रॉन, मग पुन्हा पाच, आणि दर वेळी मायक्रोमीटर लावून पाहावे. या तर्कामागे जबाबदारीची जाणीव आहे, आळस नाही, म्हणून तो चटकन खोडता येत नाही. पण तो ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत धातूला मान्य नाही. डायल जितकी फिरवली तितकाच धातू निघेल, आणि कट जितका लहान तितके यंत्र अधिक आज्ञाधारक होईल, असे तो धरून चालतो. प्रत्यक्षात एका मर्यादेखाली गेल्यावर कट लहान होत नाही, तो कटच राहत नाही.

याचे कारण धारेत आहे. डोळ्यांना आणि बोटाला धारदार वाटणारी कोणतीही धार पुरेशी मोठी करून पाहिली तर तिच्या टोकाशी एक गोलाई दिसते. पोलादासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बाइडच्या इन्सर्टवर ही गोलाई मुद्दाम दिलेली असते, कारण तिच्यावाचून ठिसूळ कार्बाइडच्या कडा झडतात, आणि तिची त्रिज्या बहुधा ३० ते ४० मायक्रॉनच्या आसपास असते. दगडावर नीट घासून लावलेल्या हायस्पीड स्टीलच्या टूलची धार याहून बरीच बारीक होते, म्हणूनच जुने टर्नर शेवटच्या कटासाठी असे टूल वेगळे जपून ठेवत. आता चिपची, म्हणजे सुटणाऱ्या किसाची, जाडी या गोलाईच्या मानाने पुरेशी असेल तर धातू धारेपुढे कातरला जातो आणि वर सरकतो. ती जाडी गोलाईच्या त्रिज्येच्या साधारण चौथ्या-तिसऱ्या हिश्शाखाली गेली की धातूला समोर दिसतो तो धारेचा उतरता गाल. तो वर सरकण्याऐवजी खाली दाबला जातो, टूल त्याच्यावरून घासत पुढे जाते आणि टूल गेल्यावर दबलेला थर थोडासा पुन्हा वर येतो. या प्रकारात माप नीट उतरत नाही, पृष्ठभाग ओरखडलेला पण वरवर चकचकीत दिसतो, धार तापते आणि झिजते. चकाकीमुळे काम उत्तम झाले असा भास होतो, आणि हा भास या साऱ्या प्रकरणातला सर्वांत घातक भाग आहे.

येथे टूलच्या नाकाची गोष्ट समजून घ्यावी लागते. वरच्या परिच्छेदातली गोलाई धारेच्या आडव्या छेदातली होती. टूलकडे वरून पाहिले असता त्याचे टोकही गोल दिसते, आणि त्या गोलाईला नोज रेडिअस म्हणतात. ही त्रिज्या बहुधा ०.४, ०.८ किंवा १.२ मिलिमीटर असते. फिरत्या जॉबवर हे गोल टोक पुढे सरकताना अतिशय बारीक आट्यांसारखे उंचवटे मागे ठेवते, आणि त्यांची उंची फीडच्या वर्गाला नोज रेडिअसच्या आठपटीने भागले असता मिळते. फीड ०.२ आणि नोज ०.४ असेल तर ही उंची साडेबारा मायक्रॉन येते. फीड निम्मे करून ०.१ केले की ती एकदम सव्वातीन मायक्रॉनच्या आत येते. नोज दुप्पट, म्हणजे ०.८ केले की आणखी निम्मी होते. या हिशेबावरून मोठे नोज केव्हाही चांगलेच असे कोणी म्हणेल, आणि पृष्ठभागापुरते ते खरेही आहे. मात्र या सूत्रात कटाच्या खोलीचे नावही नाही, आणि त्यामुळेच खोलीला शेवटच्या कटात काही महत्त्व नाही अशी समजूत पुस्तकी शिक्षणातून कधी कधी पसरते.

नोज ०.४ आणि फीड ०.१ धरून दोन खोल्यांची तुलना केली की ती समजूत टिकत नाही. खोली पाव मिलिमीटर असेल तर टोकाच्या गोलाईचा बराच मोठा कंस धातूत असतो आणि चिप सर्वांत जाड असते त्या जागी तिची जाडी सुमारे ९३ मायक्रॉन भरते. खोली पाच मायक्रॉन केली तर टोकाचा जेमतेम नऊ अंशांचा कंस धातूला टेकतो, आणि चिपची सर्वांत जाड जागाही १६ मायक्रॉनपलीकडे जात नाही. बाकी सारी चिप त्याहून पातळ, कडेला तर शून्यापर्यंत उतरणारी. धारेची गोलाई ३० ते ४० मायक्रॉनची असताना अशा चिपचा मोठा भाग सुटतच नाही, तो फक्त दाबला जातो. दुसरी गोष्ट जोराच्या दिशेची. खोल कटात टूलवर येणारा जोर काही अंशी जॉबच्या लांबीच्या दिशेने विभागला जातो आणि ती दिशा ताठ असते. उथळ कटात केवळ टोकाचा तळ टेकत असल्याने उरलेला जवळजवळ सगळा रेटा जॉबला टूलपासून दूर ढकलण्यात जातो, आणि नेमकी हीच दिशा व्यास ठरवणारी असते. म्हणून कटाची खोली नोजच्या त्रिज्येइतकी, निदान तिच्या दोन-तृतीयांशाइतकी ठेवावी, असा संकेत कारखान्यांत रूढ आहे. याचाच दुसरा अर्थ असा की गुळगुळीतपणासाठी मोठे नोज निवडणाऱ्याला शेवटच्या कटासाठी अधिक धातू राखून ठेवावा लागतो. आणि ज्याचा जॉब बारीक वा लांब असल्यामुळे फार रेटा सोसणारा नाही, त्याने लहान नोज आणि कमी फीड घेऊन तोच गुळगुळीतपणा मिळवणे शहाणपणाचे ठरते.

रेट्याने जॉब वाकतो म्हणजे किती वाकतो, याचा अंदाज साध्या सूत्रानेही येतो. चकमध्ये एका बाजूने धरलेली पोलादी सळई १२० मिलिमीटर बाहेर आली आहे आणि तिच्या मोकळ्या टोकाशी टूल १०० न्यूटनने, म्हणजे सुमारे दहा किलोच्या वजनाइतक्या जोराने, तिला मागे लोटते आहे असे मानू. सळई ४० मिलिमीटर व्यासाची असेल तर तिचे टोक दोन मायक्रॉनच्या थोडे वर हटते. ती २० मिलिमीटरची असेल तर तेच हटणे सोळापट होऊन ३५ मायक्रॉनपर्यंत जाते, म्हणजे व्यासात ७० मायक्रॉनची तफावत पडते. लांबी दुप्पट केली तर वाकणे आठपट होते. यात चकच्या जबड्यांचे, स्पिंडलच्या बेअरिंगांचे आणि टूलपोस्टचे लवणे धरलेले नाही. प्रत्यक्षात ते मिळवावे लागते, आणि जुन्या लेथवर ते सळईच्या वाकण्याहूनही मोठे असू शकते. एका टोकाला धरलेला जॉब मोकळ्या टोकाकडे जाड होतो आणि दोन सेंटरांमध्ये धरलेला लांब जॉब मध्यभागी पोट सुटल्यासारखा होतो, ते याच कारणाने. अनुभवी टर्नर हे आकडे मांडत बसत नाही, पण जॉबच्या लांबी-जाडीकडे पाहून मोकळ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार घ्यावा की मध्ये स्टेडी, म्हणजे टेकू, लावावी हे तो ठरवतो, तेव्हा त्याच्या नजरेत हाच हिशेब चाललेला असतो.

वाकलेले पुन्हा सरळ होते, आणि त्यातून ज्याला स्प्रिंग कट म्हणतात तो निघतो: डायलला हात न लावता टूल त्याच जागेवरून पुन्हा एकदा फिरवले की ते थोडा धातू आणखी काढते, कारण या वेळी रेटा कमी असल्याने जॉब आधीइतका मागे हटत नाही. बोअरिंग बारने, म्हणजे छिद्राच्या आत जाणाऱ्या लांब दांड्याच्या टूलने, काम करताना हा कट घेण्याची सवय सर्वत्र आढळते आणि काही ठिकाणी तो अटळही असतो. तरीही मापासाठी त्याच्यावर विसंबणे योग्य वाटत नाही. स्प्रिंग कट किती धातू काढील हे धारेच्या ताजेपणावर अवलंबून असते; नव्या धारेने तो १० मायक्रॉन काढील आणि तीच धार वीस जॉबांनंतर तीनच मायक्रॉन काढून उरलेल्यावर घासत राहील, आणि या दोहोंतला फरक डायलवर कुठेही दिसणार नाही.

याहून कितीतरी विश्वासार्ह असा एक मार्ग आहे, आणि तो कोणत्या पुस्तकातून निघण्याआधी कारखान्यात निघाला असावा असे त्याच्या साधेपणावरून वाटते. शेवटी उरलेला धातू समान खोलीच्या दोन कटांत वाटायचा. पहिल्या कटानंतर मोजायचे. दुसरा कट त्याच वेगाने, त्याच फीडने, त्याच खोलीने घ्यायचा, आणि पहिल्यात जी तफावत दिसली तेवढीच दुरुस्ती त्यात करायची. वरच्या शाफ्टवर रफिंग ४१.०१ मिलिमीटरवर थांबवले असे धरू. पहिला कट पाव मिलिमीटर खोल दिला, व्यास ४०.५१ यायला हवा होता, पण मोजल्यावर ४०.५३ आला. जॉब आणि टूल मिळून त्रिज्येत १० मायक्रॉन हटले, किंवा डायल तेवढी चुकली, किंवा दोन्हींचे थोडे थोडे घडले. कारण शोधत बसण्याची गरज नाही. दुसऱ्या कटाला ०.२५ ऐवजी ०.२६ दिले की परिस्थिती जवळजवळ तंतोतंत तीच असल्याने हटणेही तेवढेच होईल आणि व्यास ४०.०१ वर, मोकळिकीच्या मध्यावर येईल.

आता हीच गोष्ट घाबरत केली तर काय होते ते पाहावे. रफिंगनंतर एक जाड कट घेऊन व्यास ४०.०५ वर आणला, त्या कटात हटणे १० मायक्रॉन होते, आणि उरलेले ४० मायक्रॉन एका हलक्या कटात काढायचे ठरवून डायल २० मायक्रॉन पुढे केली. हलक्या कटात रेटा घटला, समजा हटणे तीन मायक्रॉनवर आले. म्हणजे जॉब सात मायक्रॉन टूलकडे परत आला आणि टूलने त्रिज्येत २० ऐवजी २७ मायक्रॉन काढले. व्यास ४०.०१ ऐवजी ३९.९९६ भरला, १४ मायक्रॉनच्या या फरकाने बेअरिंगची बैठक सैल झाली आणि शाफ्ट वाया गेला. धार बोथट असती तर उलट घडून टूल घासत राहिले असते आणि व्यास मोठा उरला असता. हलक्या कटाचा दोष तो जास्त काढतो वा कमी काढतो एवढ्यापुरता नाही; तो काय करील हे आधीच्या कटावरून सांगता येत नाही, आणि शेवटच्या क्षणी जे सांगता येत नाही त्याच्या हाती काम सोपवणे कारागिराला परवडत नाही.

समान कटांच्या या रीतीला आणखी एक आधार आहे. रफिंगनंतरचा पृष्ठभाग कधीच पुरता गोल नसतो. एका बाजूला धातू अधिक उरला असेल तर टूल तिथे अधिक खोल उतरते, रेटा वाढतो, जॉब अधिक हटतो आणि मूळच्या वाकडेपणाची लहान प्रत नव्या पृष्ठभागावर उमटते. ही प्रत प्रत्येक कटागणिक घटत जाते. ताठ यंत्रावर एकाच कटात ती दहाव्या-विसाव्या हिश्शावर येऊ शकते, लवणाऱ्या यंत्रावर सावकाश येते. रफिंग आणि फिनिशिंग यांच्यामध्ये एक कट असावा या आग्रहामागे ही साखळी आहे, आणि वेळ वाचवण्यासाठी तो मधला कट गाळणाऱ्यांना जॉबचा लंबगोलपणा शेवटपर्यंत छळतो.

अतिशय लहान हालचाल अचूक देता येते का, हाही प्रश्न आहेच. जुन्या लेथवर क्रॉस स्लाइडच्या स्क्रूमध्ये ढिलेपणा असतो आणि सरकत्या पृष्ठभागांत घर्षण. हँडल पाच मायक्रॉनने फिरवले तर स्लाइड जागीच राहते आणि पुढच्या पाचाला एकदम दहाने सरकते. यावर टर्नरांनी शोधलेला उपाय सुंदर आहे: वरची लहान स्लाइड लेथच्या अक्षाशी सुमारे पावणेसहा अंशांच्या कोनात लावायची, म्हणजे तिच्या डायलवरचे ०.१ मिलिमीटर जॉबच्या दिशेने बरोबर ०.०१ मिलिमीटर होते. ज्यामिती हाताच्या मदतीला येण्याचे याहून नेटके उदाहरण लेथवर क्वचितच सापडेल.

धातू कापण्याच्या इतिहासात फिनिशिंगच्या खोलीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष उशिरा गेले, आणि त्यालाही कारण आहे. जॉन विल्किन्सनने १७७४ साली तोफांच्या नळ्या कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे वॉटच्या वाफेच्या इंजिनांचे सिलिंडर कोरून दिले, तेव्हा ५० इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीपेक्षा कमी चूक राहणे हे आश्चर्य मानले गेले. हेन्री मॉड्स्लेने अठराव्या शतकाच्या अखेरीस स्लाइड रेस्ट आणि आटे पाडण्याची लेथ परिपूर्ण केल्यावर टूल कारागिराच्या हातातून यंत्राच्या हाती गेले, आणि कटाची खोली प्रथमच आकड्यात सांगता येण्याजोगी झाली. फ्रेडरिक टेलर याने १९०६ साली अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेचा अध्यक्ष या नात्याने धातू कापण्याच्या कलेवर दिलेले प्रदीर्घ व्याख्यान सुमारे २६ वर्षांच्या प्रयोगांवर आधारलेले होते, आणि त्या प्रयोगांत आठ लाख पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद किसात गेले होते. टूल किती वेळ टिकेल याचे सूत्र त्यातून निघाले. परंतु टेलरचा रोख मुख्यतः रफिंगवर होता, कारण कारखान्याचा वेळ आणि पैसा तिथे जात होता. शेवटचा कट त्यामुळे बराच काळ मोजमापाऐवजी परंपरेच्या स्वाधीन राहिला, आणि ती परंपरा एका टर्नरकडून दुसऱ्याकडे तोंडी गेली. महाराष्ट्रातही ती तशीच पोचली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात, नंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या शेडमध्ये, आयटीआयच्या टर्नर शाखेत शिकून आलेल्या मुलाला 'किती ठेवायचे' हे शेजारच्या लेथवरच्या वडीलधाऱ्या मिस्त्रीकडूनच कळत आले आहे.

परंपरेने दिलेला आकडा धातू बदलला की अपुरा पडतो. ऑस्टेनिटिक जातीचे स्टेनलेस स्टील, म्हणजे भांड्यांपासून दुग्धशाळेच्या पाइपांपर्यंत वापरले जाणारे ३०४ सारखे पोलाद, कापले जाताना ताणाने कडक होत जाते, आणि प्रत्येक कट स्वतःमागे एक कडक झालेला पातळ थर ठेवून जातो. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ साली शोधलेल्या मँगनीज पोलादात हा गुण इतका टोकाचा आहे की ते कापणे जवळजवळ अशक्य होते. अशा धातूत पुढचा कट त्या कडक थराच्या खालून गेला पाहिजे. तो थरातच फिरत राहिला तर धार झिजते, तिच्या बोथटपणाने थर आणखी जाड होतो आणि पुढचा कट आणखी अवघड होतो. बोथट टूल घेऊन स्टेनलेसवर हलके हलके घासणारा कारागीर स्वतःच्याच वाटेवर भिंत बांधत जातो. येथे शेवटच्या कटाला ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर राखणे ही चैन नसून गरज आहे. पितळ याच्या उलट वागते. चिप आखूड तुटते, रेटा कमी असतो, आणि धार बारीक असेल तर खूपच कमी खोली पुरते.

ओतीव लोखंडात अडचण दोन्ही टोकांना येते. कास्टिंगच्या वरच्या सालीत वाळूचे कण आणि लवकर थंड झाल्याने कडक झालेला धातू असतो, म्हणून पहिला कट सालीच्या खाली नेऊन बसवावा लागतो. वरवर खरवडणाऱ्या टूलचे टोक पाहता पाहता जाते. शेवटाकडे प्रश्न असतो तो आतल्या ताणांचा. कास्टिंगचे जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या गतीने थंड होतात, त्यांच्यात ओढाताण शिल्लक राहते, आणि एका बाजूची साल उतरवली की राहिलेला तुकडा नव्या समतोलात जाण्यासाठी किंचित वाकतो. पूर्वी यंत्रांच्या बैठका ओतून महिनोन्महिने उघड्यावर ठेवत, ती या ताणांना निवण्यासाठी दिलेली सवड होती. आज बहुधा भट्टीत तापवून ते काम उरकले जाते. कोल्हापूर परिसरातील फौंड्र्यांतून निघणाऱ्या आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या शॉपमध्ये मशिनिंग होणाऱ्या पंपांच्या व इंजिनांच्या भागांवरही हाच नियम लागू होतो: सर्व बाजूंचे रफिंग आधी, मग पकड सोडून जॉबला मोकळे होऊ द्यायचे, मग हलक्या पकडीने पुन्हा धरून फिनिशिंग. पकड सुटल्यावर तुकडा जेवढा वाकतो त्याहून अधिक धातू तेव्हा शिल्लक असला पाहिजे. कोल्ड ड्रॉन सळईतही हे घडते. एका बाजूने चावीचा गाळा काढला की सरळ सळई कमानीसारखी होते.

आणि उष्णता. मापांचे आंतरराष्ट्रीय संदर्भ-तापमान १९३१ पासून २० अंश सेल्सिअस आहे, तर महाराष्ट्रातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात हवाच चाळीसला टेकलेली असते. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे आणि सारख्याच तापमानाचे असतील तर चूक बरीचशी आपोआप फिटते. पण रफिंगने तापलेला जॉब शेडच्या हवेपेक्षा २० अंशांनी गरम असताना मोजला, तर ४० मिलिमीटरच्या व्यासात जवळजवळ १० मायक्रॉनची वाढ दिसते, म्हणजे मोकळिकीतला निम्म्याहून अधिक भाग नुसत्या उष्णतेने खाल्ला जातो. म्हणून समान कटांतल्या पहिल्या कटाआधी जॉब कूलंटने वा नुसत्या थांबण्याने निवू द्यावा लागतो. उत्पादनाच्या घाईत ही पाच मिनिटे सर्वांत आधी कापली जातात.

सीएनसी यंत्राने यातले हाताचे कष्ट कमी केले, निर्णय मात्र तसाच ठेवला. जी७१ या रफिंगच्या सायकलमध्ये फिनिशिंगसाठी किती धातू ठेवायचा ते प्रोग्रॅमरला आकड्यातच लिहावे लागते, आणि मग जी७० ही सायकल एका फेरीत तो धातू काढते. पहिला जॉब लावताना जाणकार ऑपरेटर टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढण्यासाठी दिलेल्या दुरुस्तीच्या घरात, मुद्दाम काही अधिक टाकतो, फिनिशिंगची फेरी चालवतो, मोजतो, ऑफसेट दुरुस्त करतो आणि तीच फेरी पुन्हा चालवतो. तो जाणीवपूर्वक अधिक टाकलेला आकडा पहिल्या फेरीने काढलेल्या धातूइतकाच असेल तर दोन्ही फेऱ्या सारख्या होतात आणि मिस्त्रीची जुनी समान कटांची रीत नव्या यंत्रावर तशीच्या तशी उभी राहते. तो फार लहान टाकला तर दुसरी फेरी घासणारी होते आणि पहिला जॉब बरोबर येऊनही दुसरा चुकतो, ज्याचे कारण मग प्रोग्रॅममध्ये शोधले जाते.

उथळ कट मुळातच अशक्य आहे असे यातून निघत नाही. एकस्फटिकी हिऱ्याच्या टूलची धार मायक्रॉनच्या लहानशा अंशाइतकी बारीक करता येते, आणि अशा टूलने ॲल्युमिनियमचे वा तांब्याचे आरसे अवघ्या काही मायक्रॉनांच्या खोलीने कातले जातात. तिथेही खोली धारेच्या गोलाईपेक्षा पुष्कळ मोठीच असते. पोलादावर मात्र हिरा चालत नाही, कारण तापलेल्या धारेतला कर्ब लोहात विरघळत जातो. त्यामुळे पोलादी शाफ्टला काही मायक्रॉनांनीच उतरवायचे असेल तर काम लेथवरून ग्राइंडरवर जाते. तिथे असंख्य सूक्ष्म कण आपापला वाटा उचलतात आणि खोली मायक्रॉनांत देता येते.

पण ग्राइंडर आला म्हणून राखून ठेवण्याचा प्रश्न सुटत नाही, तो एक पायरी मागे सरकतो. शाफ्टचा पृष्ठभाग केस हार्डनिंगने, म्हणजे वरच्या थरात कर्ब मुरवून आणि मग पाणी देऊन, कडक करायचा असेल तर लेथवर व्यासात साधारण ०.३ मिलिमीटर धातू ग्राइंडिंगसाठी ठेवतात; प्रत्येक बाजूला ०.१५. भट्टीतून निघालेला शाफ्ट बैठकीपाशी ०.१ मिलिमीटरने सरकलेला असेल, तर ग्राइंडर एका बाजूने ०.२५ काढील आणि समोरच्या बाजूने ०.०५, पृष्ठभाग साफ होईल, परंतु कडक थर एका बाजूला दुसऱ्यापेक्षा ०.२ मिलिमीटरने पातळ राहील. सरकणे ०.२ असेल तर एका बाजूला चाक टेकणारच नाही आणि भट्टीचा काळा डाग तसाच राहील. धातू अधिक राखला तर डाग निघेल, पण दुसऱ्या बाजूचा कडक थर आणखी खाल्ला जाईल. म्हणून अशा शाफ्टसाठी लेथवर किती ठेवायचे हे ठरवताना टर्नर, भट्टीवाला आणि ग्राइंडर चालवणारा या तिघांनी एकमेकांशी बोलावे लागते: शाफ्ट भट्टीत उभा टांगणार की आडवा ठेवणार, भट्टीनंतर प्रेसवर सरळ करून मिळणार का, कडक थर किती खोल मुरवणार, आणि सेंटरची छिद्रे भट्टीनंतर पुन्हा साफ केली जाणार की नाही.